सुपारीचा गणपती आणि अकबर पदमसींचे चित्र

गेल्या श्रावणात शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण होता. पूजा आटोपली, आरती झाली, प्रसादाच्या शिऱ्याच्या वाट्या फिरू लागल्या आणि मंडळी दिवाणखान्यात ऐसपैस बसली. त्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक चित्र आहे. मूळ चित्र अर्थातच नव्हे. ते आमच्या सात पिढ्यांना परवडायचे नाही. एका लिलावाच्या जुन्या सूचीतले पान काळजीपूर्वक कापून मी चौकटीत बसवून घेतले आहे. खाली विटकरी, करपल्यासारखी जमीन, मध्ये डोंगर म्हणावा असा एक उंचवटा, आणि वर दोन गोळे. एक सूर्य म्हणा, एक चंद्र म्हणा.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही वाटी हातात घेऊन त्या चित्रासमोर उभे राहिले. व्यवसायाने अभियंता, आखाती देशांत तीस वर्षे काढलेली, स्वभाव दिलखुलास. त्यांनी मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे केली आणि विचारले, "काय हो, हे उलटं तर नाही ना टांगलं?"

सगळे हसले, मीही हसलो. मग ते गंभीरपणे म्हणाले, "नाही, खरंच विचारतो. हे आहे तरी काय?"

वाचकहो, हा प्रश्न मला नवा नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे एखादे चित्र आहे त्या सर्वांनी तो ऐकला असेल, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी तो विचारला असेल. परंतु त्या दिवशी मला गंमत वाटली ती निराळ्याच कारणाने. ज्या चित्रकाराच्या चित्रापुढे "हे आहे तरी काय?" असे विचारले जात होते, त्याच चित्रकाराला एके काळी मुंबईच्या पोलिसांनी पकडून नेले होते, कारण त्याच्या चित्रात काय आहे ते पाहणाऱ्यांना फार स्पष्ट कळले होते!

त्या चित्रकाराचे नाव अकबर पदमसी.

पदमसींचा जन्म १९२८ सालचा, मुंबईतला. घराणे गुजराती खोजा, व्यापारी. चकला स्ट्रीटवर वडिलांचे दुकान होते. त्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्यांत हा मुलगा 'इलस्ट्रेटेड वीकली'मधली चित्रे पाहून उतरवीत बसे. जमाखर्चाच्या रकान्यांत माणसे आणि घोडे उमटू लागल्यावर व्यापारी घरात काय वाटले असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो. फोर्टमधल्या सेंट झेवियर्स शाळेत त्यांना शिरसाट नावाचे चित्रकलेचे शिक्षक लाभले. जलरंगांत काम करणाऱ्या ह्या शिक्षकांना पदमसींच्या जीवनवृत्तांत पहिल्या गुरूचे स्थान दिलेले असते. पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तो काळच मोठा भारलेला होता. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे ह्यांनी १९४७ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप' काढला होता. पदमसी त्या संस्थापकांपैकी नव्हते, पण त्याच वर्तुळातले, वयाने थोडे धाकटे.

१९५१ मध्ये रझांच्या पाठोपाठ ते पॅरिसला गेले. दुसऱ्याच वर्षी तिथल्या 'जर्नाल दार' ह्या कलाविषयक नियतकालिकाचे पारितोषिक त्यांना ज्याँ कार्झू ह्या चित्रकाराबरोबर विभागून मिळाले आणि ते देणारे होते अतिवास्तववादाचे अध्वर्यू आंद्रे ब्रेतों. वय अवघे चोवीस! पॅरिसने पाठ थोपटलेला हा तरुण १९५४ मध्ये आपले पहिले स्वतंत्र प्रदर्शन घेऊन मुंबईत आला. जागा होती जहांगीर आर्ट गॅलरी. ती सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती.

प्रदर्शनात 'लव्हर्स', म्हणजे 'प्रेमिक', ह्या नावाची दोन चित्रे होती. विवस्त्र स्त्री, विवस्त्र पुरुष. दोघेही समोर पाहणारे, ताठ, जाड काळ्या रेषांनी बांधलेले. चेहऱ्यांवर कसलाही उन्माद नाही; असलाच तर देवळातल्या मूर्तींचा असतो तसा स्तब्धपणा. पण पुरुषाचा एक हात स्त्रीच्या वक्षावर होता. तेवढ्या एका हातावरून गदारोळ झाला. पोलीस आले आणि चित्रे उतरवा म्हणाले. पदमसींनी नकार दिला.

इथे क्षणभर थांबून विचार करावा. चित्रकार सव्वीस वर्षांचा, पहिलेच प्रदर्शन. दोन चित्रे गुपचूप खाली काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते आणि बाकीची चित्रे सुखाने टांगलेली राहिली असती. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" असे सांगणारे हितचिंतक सर्वांनाच असतात. पदमसींनी ती वाट घेतली नाही. त्यांना अटक झाली, अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांनी तो लढवला. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात ते निर्दोष ठरले. सरकार उच्च न्यायालयात गेले, आणि तिथेही निकाल चित्रकाराच्या बाजूनेच लागला.

ह्या खटल्यातली खरी विसंगती अशी की तो हात काही पदमसींनी पॅरिसहून आणलेला नव्हता. आपल्याकडच्या उमा-महेश्वराच्या जुन्या शिल्पांत शिवाचा हात उमेच्या वक्षाशी असा कितीतरी ठिकाणी सापडतो. जहांगीर आर्ट गॅलरीच्या शेजारीच तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उभे आहे. आज त्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो. प्राचीन मूर्तींच्या दालनांतून जे डोळे भाविकपणे फिरतात, तेच डोळे शेजारच्या इमारतीत गेले की त्यांना निराळे दिसू लागते. दगडात असले की ती परंपरा, कॅनव्हासवर असले की तो गुन्हा!

खटला जिंकल्यावर एखाद्याने त्या प्रसिद्धीवर आयुष्य काढले असते. वादग्रस्त चित्रांना गिऱ्हाईकही मिळते. पदमसींनी वेगळेच केले. १९५९-६० च्या सुमारास त्यांनी आपल्या चित्रांतून रंगच काढून टाकले. उरला फक्त करडा. काळा आणि पांढरा ह्यांच्या मिश्रणातून जितक्या छटा निघतील तितक्याच वापरायच्या, असा जणू नेमच त्यांनी केला. ह्या काळात त्यांनी नग्नाकृतीही काढल्या आणि निसर्गदृश्येही. 'जुहू' ह्या नावाचे चित्र ह्याच काळातले. 'ग्रीक लँडस्केप' हेही ह्याच काळातले. लांबलचक कॅनव्हासवर घरांसारखे ठोकळे, भिंतींसारख्या कडा, आणि सगळीकडे राखेसारखा उजेड. चित्राच्या नावात ग्रीस आहे म्हणून तिथले एखादे ओळखीचे देऊळ शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. हे चित्र त्यांचे चित्रकार मित्र कृष्ण खन्ना ह्यांनी घेऊन ठेवले होते. २०१६ मध्ये ते लिलावात निघाले आणि एकोणीस कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. हा आकडा ऐकल्यावर आमच्या स्नेह्यांनी वाटी खाली ठेवली, हे कबूल केले पाहिजे. पण किंमत हा चित्र पाहण्याचा मार्ग नव्हे. एकोणीस कोटींना गेले म्हणून चित्र आवडून घेणे आणि कळत नाही म्हणून नावडते करणे, दोन्हींत चित्राकडे पाहणे राहूनच जाते.

रंग काढून टाकण्याचा हा नेम कशासाठी? चित्रातला तांबडा, निळा आपल्याला चटकन खेचून घेतो. मग रचना कशी उभी राहिली आहे, कोणता आकार कोणाला तोलून धरतो आहे, हे पाहायचे राहते. गवई साथ बाजूला ठेवून नुसत्या तानपुऱ्यावर षड्ज लावत बसतो, तसाच काहीसा हा रियाज असावा, असे ती चित्रे पाहताना मला वाटते. आणि ह्या रियाजात एक गोष्ट ठळक होते: करड्यात काढलेली निजलेली स्त्री आणि करड्यात काढलेला डोंगराळ प्रदेश एकमेकांच्या फार जवळ येतात. खांद्याची उतरण टेकडीची होते आणि टेकडीला कटीचा बाक येतो. आकृती कुठे संपली आणि अमूर्त कुठे सुरू झाले, ह्याची सीमारेषा बोटाने दाखविता येत नाही.

१९६९ मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या आधारावर त्यांनी मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपट काढणारे ह्यांनी एका छपराखाली यावे, एकमेकांची साधने हाताळून पाहावीत, हा हेतू. नलिनी मलानी तेव्हा अगदी तरुण होत्या. त्यांनी तिथे कॅमेऱ्याशी खेळ मांडला. स्वतः पदमसींनी १९७० मध्ये 'सिझिजी' नावाचा अकरा मिनिटांचा मूकपट केला. त्यात माणूस नाही, गोष्ट नाही. फक्त रेषा, बिंदू आणि त्यांचे गणिती खेळ. अॅनिमेशन राम मोहन ह्यांचे. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' ह्या दुसऱ्या चित्रपटाची प्रत पुढे हरवली. २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया ह्यांनी त्या हरवलेल्या चित्रपटावरच एक चित्रपट केला. तेव्हा पदमसी ऐंशीच्या पुढचे होते आणि आपल्या जुन्या कृतीची आठवण जुळवायला कॅमेऱ्यासमोर बसले होते.

ह्याच सुमारास, म्हणजे १९७० पासून, त्यांच्या 'मेटास्केप' चित्रांना आरंभ झाला. आमच्या भिंतीवरचे चित्र त्यांपैकीच. 'लँडस्केप' म्हणजे एखाद्या ठिकाणचे दृश्य. 'मेटास्केप' म्हणजे त्या ठिकाणाच्या पलीकडचे. ही चित्रे माथेरानची नाहीत, ग्रीसची नाहीत, कुठलीच नाहीत. जमीन आहे, पाणी आहे, डोंगर आहे, आकाश आहे, पण गावाचे नाव नाही. रंगाचे जाड थर सुरीने ओढलेले असतात, आणि त्या ओढीतच मातीचा खडबडीतपणा आणि उजेडाची चमक उतरते. सूर्य आणि चंद्र कधी कधी एकाच आकाशात एकत्र दिसतात.

ही कल्पना त्यांना कोठून मिळाली, हे मराठी वाचकाने अवश्य जाणून घ्यावे. ती मिळाली कालिदासाकडून. पदमसींना संस्कृतची गोडी होती. 'अभिज्ञानशाकुन्तल'च्या आरंभी जी नांदी आहे तिच्यात शिवाच्या आठ प्रत्यक्ष रूपांना वंदन केले आहे. पाणी, अग्नी, यजमान, आकाश, पृथ्वी, वायू, आणि सूर्य-चंद्र. पण गंमत अशी की कवी तिथे सूर्य आणि चंद्र हे शब्दच वापरत नाही. काळाचे नियमन करणारे ते दोघे, एवढेच म्हणतो. पदमसींच्या मनाने नेमके हेच पकडले. सूर्याचे चित्र काढायचे नाही, काळ ठरवणारे जे काही आहे त्याचे काढायचे. मग ते दोघे एकाच वेळी आकाशात असले तर बिघडले कुठे? घड्याळात ते एकत्र येत नसतील, श्लोकात तर एकत्रच आहेत!

आपली मराठी संगीत रंगभूमी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधल्या 'शाकुंतला'पासून मोजली जाते. त्याच शाकुंतलाच्या पहिल्या श्लोकातून नव्वद वर्षांनी मुंबईतल्या एका खोजा घराण्यातल्या चित्रकाराने आपल्या अमूर्त चित्रांचे बीज उचलले. आपल्या संस्कृतीचा वारसा कोणाचा, ह्यावर परदेशात बसून आपण पुष्कळ वाद घालतो. मला वाटते, तो ज्याने वाचला त्याचा.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे पदमसी आधी आकृतीचे चित्रकार होते आणि मग अमूर्ताचे झाले. वय वाढले की माणूस अध्यात्माकडे वळतो, तसे. असे झाले असते तर हा लेख लिहायचे काही कारण नव्हते. मेटास्केप काढत असतानाच ते माणसांची डोकी काढत राहिले. 'हेड्स' ही त्यांची मालिका जवळजवळ आयुष्यभर चालली. तैलरंगांत, जलरंगांत, कोळशाने, शिळाछापात. ही बहुतेक डोकी कोणाचीच नाहीत. वय सांगता येत नाही, जात-धर्म सांगता येत नाही. गांधीजींवर मालिका केली तिथे ओळख आहे, एरवी नाही. त्याचबरोबर नग्नाकृती चालू होत्या. १९९० नंतर त्यांनी 'मिरर इमेजेस' केल्या. दोन कॅनव्हास शेजारी शेजारी ठेवायचे, एक दुसऱ्याचे प्रतिबिंब, पण तंतोतंत नव्हे. पुढे वयाच्या सत्तरीच्या आसपास संगणकावरही चित्रे करून पाहिली. आज आकृती, उद्या अमूर्त, परवा पुन्हा आकृती. कोणत्याही एका पंथाची दीक्षा त्यांनी घेतली नाही.

ह्याचा तोटाही असतो. बाजाराला आणि समीक्षकांना चित्रकारावर एक चिठ्ठी चिकटवायची असते. हुसेन म्हटले की घोडे, रझा म्हटले की बिंदू, गायतोंडे म्हटले की तो अथांग प्रकाश. पदमसी म्हटले की काय? चटकन एक उत्तर येत नाही. म्हणूनच आपल्या घराघरांत ते नाव तितकेसे पोहोचले नाही. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ६ जानेवारी २०२० रोजी कोइमतूर येथे वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नंतर थोड्याच दिवसांत जग साथीच्या रोगाने बंद झाले आणि त्या बातमीवर बोलायचेही राहून गेले.

आता पुन्हा आमच्या दिवाणखान्यात येतो. आमच्या स्नेह्यांना मी हे सगळे थोडक्यात सांगितले. खटल्याची हकीकत त्यांना आवडली. माणसाने ताठ उभे राहावे हे त्यांना पटणारे. पण ते म्हणाले, "ते ठीक आहे हो. बाई-माणूस काढलं तर कळतं तरी. हे दोन गोळे काढून काय मिळवलं?"

मी उत्तर शोधत होतो. तेवढ्यात माझी नजर चौरंगाकडे गेली. पूजा अजून उठवली नव्हती. विड्याच्या पानावर तांदळाची छोटी रास, तिच्यावर गणपती म्हणून मांडलेली सुपारी, तिला गंध, अक्षता, दूर्वा. आणि मागच्या भिंतीला टेकलेली सोंड-कान-मोदकासकट गणपतीची तसबीर.

मी म्हणालो, "मघाशी तुम्ही नमस्कार कोणाला केलात? तसबिरीला की सुपारीला?"

ते म्हणाले, "गणपतीला."

"सुपारीला सोंड कुठे आहे?"

ते काही बोलले नाहीत. मीही पुढे काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे उरले नव्हते. आपल्या गावाकडची देवी कित्येकदा नुसता शेंदूर माखलेला तांदळा असते. नाक नाही, डोळे नाहीत. तिच्यापुढे उभे राहून आपली आजी "हे आहे तरी काय?" असे कधी विचारत नव्हती. आणि तीच आजी पंढरपूरला कटेवर हात ठेवलेल्या सगुण मूर्तीपुढेही तितक्याच ओढीने उभी राहत होती. सगुण आणि निर्गुण ही दोन भांडणारी घरे आहेत, असे आपल्या संतांनी आपल्याला शिकवले नाही. मग चित्राच्या बाबतीतच आपण एवढे अडाणी का होतो?

मला वाटते, १९५४ चा तो पोलीस आणि आमचे स्नेही ह्यांची चूक एकच आहे. एकाने चित्रात फक्त बाईमाणूस पाहिले आणि चित्र पाहिले नाही. दुसऱ्याने चित्रात वस्तू शोधली, ती सापडली नाही आणि म्हणून चित्र पाहिले नाही. दोघांनीही चित्राला ओळखपत्र मागितले. पदमसी आयुष्यभर दोन्ही तऱ्हांची चित्रे काढत राहिले. त्यातून मी घेतो तो धडा एवढाच, की आधी पाहा. हा रंग त्या रंगाशेजारी का बसला आहे, हा जड आकार पडत का नाही, उजेड कोठून येतो आहे, डोळा कुठे जाऊन थांबतो आहे, हे पाहा. नाव मागाहून विचारा.

ह्यावर "असं मग कोणीही काढील" हा आक्षेप येतोच. त्याला माझे उत्तर सोपे आहे. काढून पाहावे. मी पाहिले आहे. मुलांचे पोस्टर कलर घेऊन एका रविवारी डोंगर आणि दोन गोळे काढले. डोंगर झाला पोत्यासारखा आणि गोळे दिसू लागले टेबलटेनिसच्या चेंडूंसारखे. दोन गोळ्यांमधले आकाश रिकामे न वाटता भरलेले वाटावे, ह्यासाठी काय लागते ते त्या दिवशी थोडेसे कळले.

आपल्यापैकी बहुतेकजण वर्षातून एकदा सुट्टीवर मुंबईला उतरतात. गावी जाण्यापूर्वीचे एक-दोन दिवस खरेदीत जातात. पुढच्या खेपेला त्यातले दोन तास काळा घोड्याला द्यावेत. जहांगीर आर्ट गॅलरीत आत शिरावे. तिथल्याच प्रदर्शनात एका सव्वीस वर्षांच्या मुलाने दोन चित्रे उतरवायला नकार दिला होता. शेजारच्या वस्तुसंग्रहालयात जुन्या मूर्ती पाहाव्यात. तिथेच जहांगीर निकल्सन ह्यांचा आधुनिक चित्रांचा संग्रहही आहे आणि रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. त्या दिवसांत काय मांडले आहे ते आधी विचारून जावे म्हणजे हेलपाटा पडणार नाही. मुलांना बरोबर न्यावे. मुले "उलटं आहे का?" असे विचारत नाहीत, ती सरळ समोर जाऊन उभी राहतात.

आमच्या स्नेह्यांचे सांगायचे राहिले. जाताना चपला घालता घालता ते पुन्हा आत आले आणि चित्रापुढे मिनिटभर उभे राहिले. ह्या वेळी मान वाकडी केली नाही. "तो डावीकडचा चंद्र असावा," ते म्हणाले, "का उजवीकडचा?"

मी म्हटले, "मलाही अजून ठरवता आलेलं नाही."

"बरं आहे," ते म्हणाले, "पुढच्या वेळी येईन तेव्हा पाहीन."